फाशी रद्द व्हावी का? माझा आक्षेप फक्त चुकीच्या निकालांपुरता नाही

गोदाकाठ (धागाकर्ता)

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या सहा जणांची निर्दोष सुटका केली. याच न्यायालयाने २००९ साली याच सहा जणांना फाशी सुनावली होती. प्रकरण आमच्या नाशिकचं, त्यामुळे मी ते सुरुवातीपासून वाचत आलोय.

जून २००३ मध्ये नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला. कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला, आई आणि मुलीवर बलात्कार झाला. मुलगी गेली, आई वाचली. बाकीचं वर्णन मी इथे करणार नाही. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उरलेल्या तिघांनाही पुन्हा फाशीवर नेलं. तिन्ही पायऱ्या चढून झाल्या आणि प्रत्येक पायरीवर हे सहा जण गुन्हेगारच ठरले.

२०१८ मध्ये न्यायालयाने आपला निकाल मागे घेतला आणि प्रकरण नव्याने ऐकलं. तेव्हा पुढे आलं ते असं. घटनेनंतर लगेचच त्या वाचलेल्या आईला पोलिसांनी फोटोंचा अल्बम दाखवला होता आणि तिने त्यातून चार जणांना ओळखलं होतं. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्यांचा तपासच झाला नाही. निकालपत्रात न्यायालयाने नोंदवलंय की आरोपी भटक्या जमातीतले अत्यंत गरीब मजूर आहेत आणि त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. सहापैकी एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात सिद्ध झालं होतं. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश झाला. सोळा वर्षं आत काढली होती त्यांनी, आणि त्यातली कितीतरी वर्षं फाशीची वाट बघत.

आता माझं म्हणणं. चूक होऊ शकते म्हणून फाशी नको, इतकंच म्हणून बहुतेक जण थांबतात. मला ते पुरत नाही. कारण समोरचा लगेच म्हणतो, ठीक आहे, जिथे तसूभरही शंका नाही तिथे तरी द्या. कसाबला तर अख्ख्या देशाने पाहिलं होतं. म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो, कसाबलाही फाशी द्यायला नको होती. २१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी येरवड्याची बातमी ऐकून ज्यांना बरं वाटलं त्यांच्यावर माझा राग नाही. त्या तीन दिवसांत मुंबईने काय सोसलं ते मी विसरलेलो नाही. पण हात बांधलेल्या, निःशस्त्र, पूर्णपणे आपल्या ताब्यात आलेल्या माणसाला दिवस आणि वेळ ठरवून मारणं हे कृत्यच मला चुकीचं वाटतं, मग तो माणूस कोणीही असो. सीएसएमटीवर गोळ्या झेलत उलट गोळी झाडणारा पोलीस वेगळा. त्याला त्या क्षणी कुणाचा तरी जीव वाचवायचा होता. फाशीघरात कुणाचाच जीव वाचत नाही. आणि तिथे जे होतं ते तुमच्या-माझ्या नावाने होतं.

बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत हा विषय काढला होता. फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क असावा का, यावर चर्चा चालू होती. ते म्हणाले, त्यापेक्षा फाशीच रद्द करणं मला जास्त पटेल. हा देश अहिंसेचं तत्त्व मानणारा आहे, आचरणात कमी पडत असला तरी ते तत्त्व तो नैतिक आज्ञा म्हणून मानतो. आपल्या घटनेच्या शिल्पकाराचं हे मत आपल्याकडच्या चर्चेत इतकं कमी का येतं, याचं मला वाईट वाटतं.

विरोधी मतं येऊ द्या. फक्त ज्यांच्या घरात असं काही घडलंय ते लोकही इथे वाचत असतील, एवढं लक्षात ठेवून लिहूया.


रोखठोक

गोदाकाठ, तळमळीने लिहिलंय, वाचलं. पण मला पटलेलं नाही.

खून झालेल्या माणसाला बाजू मांडता येत नाही. त्याची बाजू सरकारने घ्यायची, म्हणून तर आपण सूड घ्यायचा अधिकार सरकारकडे सोपवला. बापाच्या खुन्याला मुलगा मारत नाही, कारण न्यायालय आहे असा त्याचा विश्वास असतो. तो विश्वास उडाला तर माणसं पुन्हा कोयते काढतील. पाच जणांना मारणारा माणूस पुढची चाळीस वर्षं जेवणार, झोपणार, नातेवाइकांना भेटणार, आणि ज्यांचं गेलं ते त्याच्या जेवणासाठी कर भरणार, यात न्याय कुठे आहे?

शिवाय जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं. चांगली वागणूक दाखवली की बाहेर. मधे पॅरोल, फर्लोच्या रजा आहेतच.

चुकीचे निकाल लागतात, मान्य. त्यावर तपास सुधारणं हा उपाय आहे. शिक्षा काढून टाकणं नाही.


काळा_कोट

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं हा समज काढून टाकायला हवा, कारण फाशीच्या बाजूचा निम्मा आग्रह त्यावर उभा असतो.

कायद्याने जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. चौदा वर्षांचा आकडा आला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३-अ मधून, आणि ते कलम उलट सांगतं: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षं भरल्याशिवाय सरकारने सोडायचं नाही. म्हणजे ती किमान मर्यादा आहे, सुटकेची तारीख नव्हे. नव्या संहितेतही ती तरतूद तशीच आहे. पुढे २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी सूट न मिळणारी, मरेपर्यंतची कैद दिली, आणि २०१५ मध्ये घटनापीठाने त्या पद्धतीवर शिक्कामोर्तब केलं. आता वीस, पंचवीस, तीस वर्षं सुटकेचा विचारही करायचा नाही अशा शिक्षा नियमित होतात.

तेव्हा रोखठोकसाहेब, निवड ‘फाशी की चौदा वर्षं’ अशी नाहीच. हे समजून घेतल्यावरही तुमचं मत फाशीचंच असेल तर तो तुमचा हक्क आहे, पण मग वाद खऱ्या पर्यायांमध्ये होईल.


केवडा_पुणे

रोखठोक यांना अनुमोदन. लहान मुलांच्या बाबतीत तरी फाशी हवीच.


निशिगंध

केवडाताई, तुमच्या वाक्यामागचा संताप माझ्या ओळखीचा आहे. मी अत्याचार झालेल्या मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

२०१८ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशीची तरतूद झाली. २०१९ मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यातही ती आली. आता आमच्याकडे येणारी प्रकरणं कशी असतात ते ऐका. बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो, हे सरकारी आकडेवारी दरवर्षी सांगते. मुलांच्या बाबतीत ओळखीचा म्हणजे काका, मामा, आजोबा, सावत्र बाप, शेजारचा दादा. मुलगी धीर करून बोलते. आणि मग घरात पहिलं वाक्य येतं ते असं, ‘तुझ्यामुळे त्याला फाशी होईल, चालेल का तुला?’ नऊ-दहा वर्षांच्या पोरीला हा प्रश्न विचारला जातो. आजी रडते. आई दोन्हीकडून पिचते. मुलगी जबाब फिरवते. आणि मग तो माणूस त्याच घरात, त्याच ताटाला बसतो.

कायदा जितका कठोर तितकं मूल सुरक्षित, असं बाहेरून दिसतं. आतून मी उलटं बघितलंय. २०१३ च्या जानेवारीत न्यायमूर्ती वर्मा समितीने, दिल्लीच्या बलात्कार प्रकरणामुळे सगळा देश रस्त्यावर असताना, बलात्काराला फाशी नको असं लिहिलं. अनेक स्त्री-संघटनांनी तेच सांगितलं होतं. आणखी एक भीती आहे ती बोलायलाही जड जाते: बलात्काराला आणि खुनाला एकच शिक्षा असेल, तर साक्षीदार म्हणून मागे उरणाऱ्या मुलीला जिवंत का सोडायचं, हा विचार नराधमाच्या डोक्यात आपणच घालतो.

मला त्या मुलीची साक्ष पूर्ण व्हायला हवी आहे. निकाल दोन वर्षांत लागायला हवा आहे. कोर्टात तिला आरोपीच्या समोर बाकावर बसवू नये, असं मला वाटतं. या मागण्यांसाठी कुणी मेणबत्त्या घेऊन बाहेर पडत नाही.


वैनगंगा

मी भंडारा जिल्ह्यातला. खैरलांजी आमच्यापासून लांब नाही.

२९ सप्टेंबर २००६. एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलं गावाने मारून टाकली. बाप तेवढा वाचला. कसं मारलं ते महाराष्ट्राला माहीत आहे. सुरुवातीला तर पेपरांत बातमीसुद्धा नीट आली नव्हती. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा सरकार हललं. त्या मोर्चांत मीही होतो आणि ‘फाशी द्या’ म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडलो होतो.

२००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने सगळ्यांची शिक्षा पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो हे ना खालच्या कोर्टाने मानलं ना वरच्या. जातीचा काही संबंध नाही, हा वैयक्तिक सूड आहे, असं म्हटलं गेलं. त्या दिवशी आमच्या वस्तीत चूल पेटली नाही अशी घरं मी पाहिली आहेत.

इथल्या मंडळींना एक गोष्ट सांगायची आहे. आम्ही फाशी मागत होतो ती रक्त पाहिजे म्हणून नव्हे. या देशात जिवाची किंमत शिक्षेच्या मापाने मोजली जाते. दुसऱ्यांच्या लेकीला मारलं तर फाशी आणि आमच्या लेकीला मारलं तर कैद, असं दिसलं की आमच्या जिवाचं मोल कमी, हाच अर्थ निघतो. नैतिक आक्षेप घेणाऱ्यांनी हा आक्षेप सगळ्यांच्या बाबतीत, सारख्याच जोराने घ्यावा. आमच्याच वेळी तत्त्व आठवलं तर आम्ही ते तत्त्व मानणार नाही.

आणि दुसरी बाजूही सांगतो, कारण ती लपवणं मला जमत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अहवाल काढला. चार कैद्यांपैकी तिघे मागास जाती-जमातींतले किंवा धार्मिक अल्पसंख्याक. चारपैकी तिघे गरीब. म्हणजे फाशीची मागणी आम्ही केली, आणि फाशीच्या कोठडीत बसलेलेही बहुतेक आमच्यासारखेच. गोदाकाठ यांनी सांगितलेले ते सहा जण कोण होते ते पाहा. भटक्या जमातीतले मजूर. जात बघून तपास होतो तसा जात बघूनच दोर पडतो, असं मला आता वाटायला लागलंय. बाबासाहेबांचं ते भाषण मी उशिरा वाचलं. वाचल्यापासून माझी अस्वस्थता वाढलीच आहे, कमी झालेली नाही.


सह्यकडा

वैनगंगा, सलाम. हा प्रतिसाद दोनदा वाचला.


मांडवीतीर

गोव्याचा संदर्भ देतो, महाराष्ट्रात तो फारसा कोणाला ठाऊक नसतो.

पोर्तुगालने नागरी गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्ये रद्द केली. १८७० मध्ये ते हुकूमनाम्याने वसाहतींनाही लागू केलं. म्हणजे गोव्यात जवळपास नव्वद वर्षं खुनाला फाशी नव्हती. मुक्तीनंतर भारतीय दंडसंहिता आली आणि तिच्याबरोबर फाशीही कायद्यात आली. पोर्तुगीज राजवट दयाळू होती असं मला अजिबात म्हणायचं नाही. सालाझारच्या काळात आमच्या स्वातंत्र्यसैनिकांनी आग्वादच्या तुरुंगात काय भोगलं ते आमच्या घरांतून अजून सांगितलं जातं. पण खुनाला फाशी नाही म्हणून गोव्यात लोक एकमेकांचे गळे कापत सुटले, असं कधी झालं नाही.

त्रावणकोर संस्थानानेही १९४४ मध्ये फाशी रद्द केली होती. भारतात विलीन झाल्यावर ती परत आली. खुनांच्या संख्येत म्हणावा असा फरक ना रद्द करताना पडला ना परत आणताना.


रोखठोक

काळा_कोट, जन्मठेपेबद्दल माझा समज चुकीचा होता असं दिसतंय, धन्यवाद. निशिगंधताई, तुम्ही जे लिहिलंत त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मुलांच्या प्रकरणांत घरचा दबाव येतो हे खरं असणार.

पण दहशतवादाचं काय? डिसेंबर १९९९ आठवा. विमान कंदाहारला नेलं आणि आपल्या तुरुंगातले तिघे सोडून द्यावे लागले. त्यातल्या मसूद अझहरने पुढे काय केलं ते देश भोगतोय. जिवंत दहशतवादी तुरुंगात ठेवणं म्हणजे पुढच्या अपहरणाला आमंत्रण. विधी आयोगाने २०१५ च्या २६२ व्या अहवालात फाशी रद्द करा म्हटलं, पण दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळून. न्यायमूर्ती ए. पी. शहांच्या अध्यक्षतेखालचा आयोग होता तो, फाशीच्या बाजूचा म्हणून कुणी त्याला नावं ठेवणार नाही. त्यांनाही ही अडचण दिसली.


गोदाकाठ

रोखठोक, मुद्दा वजनदार आहे. कंदाहारला सोडलेल्या तिघांपैकी मसूद अझहरला फाशी झालेली नव्हती. फाशीचा कायदा तेव्हाही होताच, त्याने ते अपहरण टळलं नाही. आरोप, खटला, अपील, दया अर्ज यांत वर्षं जाणारच; तेवढ्या काळात अपहरण करायचं तर कुणीही करू शकतं. विमानतळ आणि विमानं सुरक्षित ठेवणं हाच त्यावरचा इलाज आहे.

विधी आयोगाने तो अपवाद ठेवला याचं मला आश्चर्य वाटतं, कारण त्याच अहवालात आयोग लिहितो की दहशतवादाला वेगळं काढायला दंडशास्त्राच्या दृष्टीने कारण नाही, पण देशाच्या सुरक्षेची चिंता लक्षात घेऊन ते वगळतोय. म्हणजे तत्त्व मान्य, धीर झाला नाही. आणि जो मरायचं ठरवूनच बोटीतून उतरलाय त्याला दोराचं भय कसलं?

वैनगंगा, तुम्ही म्हणालात ते मी मनावर घेतलंय. खैरलांजीच्या निकालाच्या वेळी फाशीविरोधी मंडळींनी ‘बरं झालं, फाशी टळली’ म्हणून आनंद मानला, पण ॲट्रॉसिटी कायदा नाकारला गेला त्यावर तितक्याच जोरात बोलले नाहीत. तो अन्याय फाशी रद्द झाल्याने झाला नाही, जात नाकारल्याने झाला. दोन्ही गोष्टी एकत्र म्हणायला हव्यात.


काळा_कोट

‘शंभर टक्के खात्री असेल तिथेच द्या’ याबद्दल वकिलीतून जे दिसतं ते लिहितो. गुन्हा कुणी केला ही एक खात्री. पण फाशी द्यायची की नाही हे त्यावर ठरत नाही. १९८० च्या बच्चनसिंग निकालानंतर फाशी ‘विरळातल्या विरळ’ प्रकरणातच द्यायची असते. गुन्हा बघायचा आणि गुन्हेगारही बघायचा. वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. हे ठरवणार कोण? त्या दिवशी त्या खंडपीठावर बसलेले न्यायमूर्ती. बच्चनसिंगमध्ये चार विरुद्ध एक असा निकाल होता, आणि विरोधात गेलेले न्यायमूर्ती भगवती यांनी नेमकं हेच लिहिलं: माणूस जगणार की मरणार हे खंडपीठ कोणाचं यावर अवलंबून राहील.

ते घडलेलंच होतं. उत्तर प्रदेशातल्या एका खुनाच्या खटल्यात तिघांना फाशी झाली. तिघांची भूमिका सारखीच. तिघांनी वेगवेगळे अर्ज केले, ते वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेले. एकाची शिक्षा जन्मठेपेवर आली. दुसऱ्याचा अर्ज फेटाळला गेला आणि ६ ऑक्टोबर १९८१ रोजी त्याला फासावर चढवलं. तिसरा न्यायालयात आला तेव्हा न्यायमूर्तींच्या लक्षात आलं की अरे, याच्यासारख्याच एकाला आपण सोडलंय आणि याच्यासारख्याच एकाला मारलंय. १९८२ मध्ये त्यांनी राष्ट्रपतींना शिफारस केली की याची शिक्षा कमी करा. मारलेल्याचं काय करणार होते?

पुढचं याहून गंभीर. डिसेंबर १९९५ मध्ये राजस्थानच्या रावजी प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की शिक्षा ठरवताना गुन्हा बघायचा, गुन्हेगार नाही. हे बच्चनसिंगच्या थेट विरुद्ध होतं. १९९६ मध्ये रावजीला फाशी दिली. २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, संतोषकुमार बरियार निकालात, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की रावजीचा निकाल बंधनकारक पूर्वनिर्णय विसरून दिला गेला होता, आणि त्यावर विसंबलेले पुढचे निकालही तसेच. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून अशा तेरा कैद्यांची शिक्षा कमी करायची विनंती केली. गोदाकाठ, तुमच्या नाशिकच्या सहा जणांचा २००९ चा निकालही रावजीवरच टेकलेला होता.

आता पुण्याचं एक. १९९४ मध्ये एकाच घरात सात जणांचा खून झाला होता, जुन्या पुणेकरांना आठवत असेल. फाशी झाली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केलं की त्यातला एक दोषी गुन्ह्याच्या वेळी बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. अठ्ठावीस वर्षांहून जास्त आत काढून तो सुटला. इथे गुन्हा कुणी केला हा प्रश्नच नव्हता. तरीही आपण एका लहान मुलाला फाशीच्या रांगेत उभं केलं होतं आणि त्याचं वय कुणी नीट तपासलं नव्हतं.


प्राजक्त_आंबेगाव

फार लिहीत नाही. माझे वडील कारागृहात नोकरीला होते, कुठल्या ते सांगत नाही. एका फाशीच्या वेळी त्यांची ड्युटी होती. फाशीच्या कैद्याशी रोजचं बोलणं असतं हो. जेवण नेऊन देणं, चिठ्ठी वाचून दाखवणं, दुखलंखुपलं विचारणं. मग एके पहाटे त्याच माणसाला त्याच लोकांनी धरून न्यायचं. वडील त्या दिवसाबद्दल आम्हाला कधी बोलले नाहीत. आईला एवढंच म्हणाले होते की तो शांतपणे चालला आणि मलाच चालवेना. फाशी देणाऱ्यांचा विचार या चर्चेत कोणीच करत नाही म्हणून लिहिलं.


सातपुडा

मी सहसा फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझ्या सख्ख्या मावसबहिणीचा खून झाला. नवऱ्याने आणि दिराने केला. आम्ही फाशी मागितली, जन्मठेप झाली. मला आजही वाटतं की फाशी व्हायला हवी होती. तिचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, आता तो विचारतो की ते दोघे जिवंत का आहेत. मी त्याला काय सांगू?

गोदाकाठ, तुम्ही सभ्यपणे लिहिलंय. पण इतर ठिकाणी लोक आमच्या मागणीला सूड म्हणतात, मागासलेपण म्हणतात. गांधीजींच्या मुलांनी, मणिलाल आणि रामदास यांनी, नथुराम गोडसेची फाशी टळावी म्हणून विनंती केली होती, हे उदाहरण आम्हाला सतत ऐकवतात. ती त्यांची थोरवी. आमच्याकडून ती मागायचा अधिकार कोणाला नाही. माझ्या मावशीने त्या लोकांना क्षमा करावी ही अपेक्षा मला क्रूर वाटते.

एक मात्र सांगते. फाशी मिळाली नाही याचं जितकं दुःख आहे त्याहून जास्त त्रास त्या नऊ वर्षांचा झाला. तारखा. साक्षीदार फुटले. सरकारी वकील तीनदा बदलले, दरवेळी सगळं पहिल्यापासून सांगायचं. भाच्याच्या शिक्षणासाठी कायद्याने मिळू शकणारी मदत असते हे आम्हाला निकालानंतर कळलं. पूर्ण नऊ वर्षांत एकाही अधिकाऱ्याने विचारलं नाही की मूल कोण सांभाळतंय.


गोदाकाठ

सातपुडाताई, तुमच्याकडून क्षमेची अपेक्षा करायचा मला काहीच अधिकार नाही आणि मी ती करत नाही. तुमच्या मावशींना त्या दोघांचं मरण हवंसं वाटणं यात चुकीचं काही नाही. मला जे म्हणायचंय ते सरकारला उद्देशून आहे. तुमच्या दुःखातून जी मागणी येते ती पूर्ण करायला सरकारने माणूस मारू नये. पण सरकार तुमच्यासाठी जे करू शकत होतं, तेही त्याने केलं नाही. भरपाईची योजना कायद्यात २००९ च्या अखेरीपासून आहे, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-अ मध्ये होती, आता नव्या संहितेत आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. भाच्यासाठी अजूनही काही करता येईल का ते काळा_कोट सांगू शकतील. मी त्यांना व्यक्तिगत निरोप पाठवतोय.


काळा_कोट

सातपुडाताई, मला निरोप करा. आधी निकालाची प्रत लागेल, बाकीचं बघू.


सह्यकडा

एन्काउंटरचा विषय कोणी काढला नाही म्हणून. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादच्या बलात्कार-खून प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आपल्या नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ मध्ये आयोगाने सांगितलं की पोलिसांनी सांगितलेली हकीकत विश्वासार्ह नाही, आणि गोळीबार ठार मारण्याच्या हेतूनेच झाला. अभिनंदन करणाऱ्या कुणी तो अहवाल वाचल्याचं मला आढळलं नाही. मारणं हाच न्याय, असं एकदा सरकारनेच शिकवलं की लोक खटल्याचीही वाट बघत नाहीत. ‘फाशी नसेल तर लोक कोयते काढतील’ असं रोखठोक म्हणाले. मला उलट वाटतं. फाशी असतानाही लोक हेच मागतायत.


रोखठोक

सगळं वाचलं. माझं मत अजून फाशीच्या बाजूचं आहे, अगदी मोजक्या प्रकरणांत, आणि सातपुडाताईंनी लिहिलंय त्यानंतर ते सोडायला मन तयार नाही. पण एक प्रश्न सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. गोदाकाठ, त्या सहा जणांना खोटं गोवलं असेल, तर नाशिकच्या त्या घरात घुसलेले खरे लोक कोण होते? त्या आईने तर चार जण ओळखले होते. ज्यांनी तिची ती ओळख दाबली त्यांचं काय झालं? सहा निरपराध माणसं फासावर गेली असती तर मी आणि माझ्यासारखे लाखो लोक न्याय झाला म्हणून समाधानाने झोपलो असतो, आणि खरे गुन्हेगार मोकळे.


गोदाकाठ

न्यायालयाने राज्य सरकारच्या गृह खात्याला सांगितलं होतं की तपासात कसूर करणारे अधिकारी शोधा आणि तीन महिन्यांत त्यांच्यावर खात्यांतर्गत कारवाई करा. खात्यांतर्गत, म्हणजे फौजदारी नव्हे. सहा जणांना मरणाच्या दारात नेऊन ठेवणाऱ्या तपासाची शिक्षा एवढीच, हे मला पटलेलं नाही, आणि या बाबतीत तुमचं-माझं एकमत व्हायला हरकत नसावी.

काळा_कोट, त्या आदेशाचं पुढे काय झालं याबद्दल माहितीचा अधिकार वापरून अर्ज करता येईल का? नाशिकमधले आणखी दोन-तीन जण यायला तयार असतील तर मी मसुदा करतो.


वैनगंगा

माझं नाव धरा. मी नाशिकचा नाही, पण अर्ज भंडाऱ्यातूनही टाकता येतो.


रोखठोक

माझंही.


काळा_कोट

येईल. गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा, मंत्रालयाचा पत्ता. निकालाची तारीख ५ मार्च २०१९ स्पष्ट लिहा, आणि एका अर्जात एवढंच विचारा: कोणत्या अधिकाऱ्यांची जबाबदारी निश्चित झाली, कारवाईचे आदेश कोणत्या तारखेचे, त्यांच्या प्रती द्या. मतं, कारणं काही विचारू नका, त्यावरून अर्ज फेटाळतात. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. मसुदा इथेच टाका, मी बघून देतो.